गणितातील बी.एस्सी.: नाशिकच्या विद्यार्थ्याला काय काय लागते

नाशिक जिल्ह्यातील बहुतेक विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे विद्यार्थी कॉलेज रोडच्या एचपीटी-आरवायके महाविद्यालयात शिको, गंगापूर रोडच्या केटीएचएममध्ये शिको किंवा मनमाड-मालेगावला, गणितातील बी.एस्सी.चा सांगाडा सारखाच राहतो: तीन वर्षे, सहा सत्रे, प्रत्येक सत्रात 22 आणि एकूण 132 क्रेडिट. स्वायत्त दर्जा मिळालेली महाविद्यालये अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पण क्रेडिटची चौकट त्यांनाही राज्य शासनाचीच पाळावी लागते आणि पदवी विद्यापीठाचीच मिळते.

पहिली अट बारावीची. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे आणि बारावीला गणित विषय असणे या दोन्ही गोष्टी लागतात. जीवशास्त्राचा गट घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो, गणित मात्र घेता येत नाही. नीटसाठी अकरावीतच गणित सोडून नंतर विचार बदलणाऱ्यांची अडचण दरवर्षी इथेच होते. संलग्न महाविद्यालयांतील बी.एस्सी.साठी सीईटी नसते. बारावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि आरक्षणानुसार जागा भरल्या जातात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असल्यास जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला, मध्ये वर्ष गेले असल्यास गॅपचे प्रतिज्ञापत्र, सीबीएसईसारख्या दुसऱ्या मंडळातून आल्यास मायग्रेशन प्रमाणपत्र, एवढी कागदपत्रे निकालाच्या आधीच एका फाइलीत लावून ठेवली तर यादी लागल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत दिवस जात नाहीत. शिष्यवृत्ती आणि फी सवलतीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवरून होतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो आणि बँक खाते आधारला जोडलेले असावे लागते.

प्रवेश अर्जावरील विषयांचा रकाना बहुतेक जण घाईत भरतात, आणि तीन वर्षांचे भवितव्य तिथेच ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. तिच्यात पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय सारख्या वजनाने घ्यायचे असतात, प्रत्येकाचे सत्राला 4 क्रेडिट. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे पहिल्या वर्षी तीन विषयांत गणित नसेल, तर दुसऱ्या वर्षी ते मेजर म्हणून घेता येत नाही. सोबतचे दोन विषय निवडताना मैत्रिणीने काय घेतले यापेक्षा पुढे मायनर कोणता हवा, हे पाहावे. सिद्धान्ताकडे ओढा असेल तर भौतिकशास्त्र आणि नोकरी डोळ्यांसमोर असेल तर संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र, या जोड्या गणिताला चांगल्या बसतात. रसायनशास्त्र घेऊ नये असे नाही, पण त्याच्या प्रयोगशाळेत जाणारा वेळ गणिताला फारसा उपयोगी पडत नाही.

महाविद्यालयाच्या कार्यालयात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: टीवायला मॅथ्स स्पेशल आहे का? तालुक्याच्या ठिकाणच्या प्रत्येक महाविद्यालयात तिसऱ्या वर्षापर्यंत गणिताची तुकडी चालतेच असे नाही. विद्यार्थी कमी पडले की तुकडी बंद होते आणि एसवाय झालेल्या मुलांना नाशिक गाठावे लागते. मागच्या दोन वर्षांत टीवायला किती विद्यार्थी होते आणि विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, हे प्रवेशाआधी विचारण्यात संकोच करू नये.

नावावरून होणारा एक गोंधळही इथेच मिटवलेला बरा. बी.एस्सी. संगणकशास्त्र हा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्यात पहिली दोन वर्षे गणित शिकवले जाते, पण पदवी संगणकशास्त्राची मिळते. पुढे गणितात एम.एस्सी. करायचे असेल तर या पदवीची पात्रता त्या त्या विद्यापीठाच्या नियमांत तपासावी लागते, आणि प्रवेश मिळाला तरी ॲनालिसिस आणि ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा यांची उणीव पहिल्याच महिन्यात जाणवते.

क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब. लेखी विषयाचे एक क्रेडिट 15 तासांचे, प्रॅक्टिकलचे 30 तासांचे. पहिल्या वर्षाच्या सत्रातील 22 पैकी 12 क्रेडिट तीन विज्ञान विषयांची. उरलेली 10 क्रेडिट भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य आणि दुसऱ्या विद्याशाखेतील खुला विषय यांत वाटलेली असतात. दुसऱ्या वर्षापासून मेजरचा वाटा वाढत जातो. पुढे क्षेत्रीय प्रकल्प येतो आणि सहाव्या सत्रात 4 क्रेडिटची इंटर्नशिप असते. ती साधारण 120 तासांची होते. गणिताच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप मिळणे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याइतके सोपे नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना प्रयोगशाळेत माणूस हवा असतो, प्रमेय सिद्ध करणारा नको असतो. पण त्याच वसाहतीत गुणवत्ता नियंत्रणाची आकडेमोड असते, शहरात सनदी लेखापालांची कार्यालये, बँका आणि सॉफ्टवेअरच्या छोट्या कंपन्या आहेत, शाळा आहेत. पाचव्या सत्रातच चार ठिकाणी विचारून ठेवले की सहाव्या सत्रात धावपळ होत नाही.

मिळवलेली सगळी क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. हे खाते डिजिलॉकरवरून उघडता येते. आधारवरील नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे क्रेडिट खात्यात दिसत नाहीत, म्हणून नावाची दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी. प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, मिळतो. परीक्षा अर्जापासून पदवी प्रमाणपत्रापर्यंत तोच चालतो.

या रचनेत पहिल्या वर्षानंतर, दुसऱ्या वर्षानंतर आणि तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय आहे. 40 ते 44 क्रेडिटला प्रमाणपत्र, 80 ते 88 ला पदविका, 120 ते 132 ला पदवी आणि चौथे वर्ष करून 160 ते 176 ला ऑनर्स. पहिल्या दोन टप्प्यांवर थांबायचे तर कौशल्याची 4 जादा क्रेडिट करावी लागतात. घरच्या अडचणीने शिक्षण थांबले तर ही सोय उपयोगाची आहे. स्वखुशीने एका वर्षाचे गणिताचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्यात मात्र फारसे हाती लागत नाही. पहिल्या वर्षी गणिताची नुसती तोंडओळख होते.

खरी अट कागदावर कुठेच लिहिलेली नसते. बारावीपर्यंतचे गणित उत्तर काढण्याचे आणि बी.एस्सी.चे गणित कारण देण्याचे, हा बदल पहिल्या दोन सत्रांत अंगवळणी पडावा लागतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात अवकलन, संकलन, मॅट्रिक्स, सदिश, विकलक समीकरणे असे सगळे आहे, आणि सूत्र ओळखून उदाहरण सोडवले की गुण मिळतात. एफवायला कॅल्क्युलसच्या पेपरात हीच नावे परत भेटतात. बारावीला गणितात नव्वदच्या पुढे गुण मिळवलेले विद्यार्थी पहिल्या चाचणीत गडबडतात ते याच ओळखीच्या नावांमुळे.

1, 1/2, 1/3, 1/4 … ही क्रमिका घेतली तर ती शून्याकडे जाते हे बारावीच्या विद्यार्थ्याला दिसतेच, त्यात सिद्ध करण्यासारखे काय, असे त्याला वाटते. एफवायचा पेपर विचारतो: ‘शून्याकडे जाते’ म्हणजे नेमके काय? उत्तर असे की समोरच्याने एप्सिलॉन नावाची कितीही लहान धन संख्या द्यावी, आपण असे एक स्थान दाखवावे की त्यापुढचे प्रत्येक पद शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर आहे. त्याने 0.01 दिले तर शंभराव्या पदापुढची सगळी पदे चालतात. 0.003 दिले तर 333व्या पदापुढची. पण दोन उदाहरणे जुळली म्हणजे सिद्धता झाली नाही. कोणताही एप्सिलॉन दिला तरी 1 भागिले एप्सिलॉन यापेक्षा मोठी नैसर्गिक संख्या असते, ती घेतली की काम होते. मग प्राध्यापक फळ्याकडे पाठ करून विचारतात की अशी नैसर्गिक संख्या असतेच कशावरून, आणि वर्ग शांत होतो. अशी संख्या असतेच, याला आर्किमिडीजचा गुणधर्म म्हणतात, आणि तो सिद्ध करायला वास्तव संख्यांच्या पूर्णतेचे गृहीतक लागते. चार ओळींच्या या सिद्धतेत प्रत्येक ‘कोणताही’ आणि प्रत्येक ‘असा एक’ यांची जागा ठरलेली आहे. ते शब्द उलटसुलट झाले की विधानच बदलते. तिसऱ्या वर्षाचे रिअल ॲनालिसिस आणि मेट्रिक स्पेसेस या एका सवयीवर उभे आहे.

या सवयीसाठी क्लास लावून फारसा फायदा होत नाही. बार्टल आणि शेरबर्ट यांचे रिअल ॲनालिसिसचे पुस्तक आणि संख्यासिद्धान्त शिकवणारे बर्टन यांचे पुस्तक, ही दोन्ही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सहज मिळतात. त्यांतली सिद्धता वाचून, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर स्वतः लिहायची आणि अडले तिथेच पुस्तक उघडायचे. आठवड्याला दोन सिद्धता अशा लिहिल्या तरी वर्षअखेर हात बसतो. गाइडमधली उत्तरे पाठ करून एफवाय पार पडते. टीवायचे ग्रुप थिअरी तसे पार पडत नाही.

सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती असते. गणितापुरती ती अनाठायी आहे. सिद्धतेत लागणारे इंग्रजी शब्द मोजकेच: लेट, सपोज, देन, देअरफोर, सिन्स, फॉर एव्हरी, देअर एक्झिस्ट्स. शे-दीडशे शब्दांत अख्ख्या पदवीच्या उत्तरपत्रिका लिहून होतात. सिद्धता आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजीत उतरवण्यात कमीपणा नाही, आणि नाशिकचे बरेच प्राध्यापक वर्गात तसेच शिकवतात.

विषयांचा क्रमही समजून घेण्यासारखा आहे, कारण मागची कडी सुटली की पुढची धरता येत नाही. पहिल्या वर्षी बीजगणित, भूमिती आणि एका चलाचे कॅल्क्युलस. दुसऱ्या वर्षी अनेक चलांचे कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा, सोबत न्यूमरिकल मेथड्स किंवा ग्राफ थिअरीसारखा एखादा विषय. तिसऱ्या वर्षी रिअल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, रिंग थिअरी, मेट्रिक स्पेसेस, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आणि विकलक समीकरणे. यांतले लिनिअर अल्जिब्रा सर्वांत दुर्लक्षित राहते. त्यात मॅट्रिक्सची आकडेमोड असल्याने ते सोपे वाटते, आणि व्हेक्टर स्पेस, बेसिस, लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन हा त्याचा गाभा न समजताही पास होता येते. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा असोत की डेटा सायन्सचा अभ्यासक्रम, विचारले जाते ते हेच.

ऐच्छिक विषयांत निवड करायची वेळ येते तेव्हा क्रेडिट सारखीच असल्याने ‘स्कोअरिंग’ विषयाकडे कल जातो. नव्या रचनेत मेजरबाहेरची क्रेडिट बरीच असल्यामुळे गणित पातळ ठेवूनही गणिताची पदवी हातात पडू शकते. ॲनालिसिस, अल्जिब्रा आणि लिनिअर अल्जिब्रा हे तिन्ही पाय भक्कम ठेवायचे आणि हलके विषय घ्यायचेच तर खुल्या गटातून घ्यायचे, हे धोरण पुढे शिकणाऱ्याला आणि नोकरी करणाऱ्याला, दोघांनाही परवडते.

गणिताला प्रॅक्टिकल असते, हे ऐकून घरचे चकित होतात. ते असते, त्याचे जर्नल असते आणि जर्नलवर सही झाल्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून त्यात पायथन आले आहे. सुरुवातीच्या सरावाला नाशिकचेच एक उदाहरण उत्तम आहे. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 अशी तीन दशके शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 6174 या संख्येचा गुण 1949 मध्ये मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची आणि हेच पुन्हा करायचे. 3524 घेतले तर 5432 वजा 2345 बरोबर 3087, मग 8730 वजा 0378 बरोबर 8352, मग 8532 वजा 2358 बरोबर 6174. त्यापुढे संख्या हलत नाही, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतेच. पायथनमध्ये हा प्रोग्रॅम दहा-बारा ओळींचा होतो. त्यात स्ट्रिंग, लूप आणि अट तिन्ही येतात. 0378 मधल्या सुरुवातीच्या शून्यावर अनेकांचा प्रोग्रॅम पहिल्यांदा चुकतो, आणि चूक शोधताना जे शिकायला मिळते ते नोट्समध्ये नसते. कापरेकरांचे शिक्षण तरी किती? फर्ग्युसन महाविद्यालय आणि 1929 ची मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचा पत्ता लागला.

मूल्यमापन दोन तुकड्यांत होते. 2 क्रेडिटचा पेपर 50 गुणांचा असतो, त्यात 15 गुण महाविद्यालयाच्या अंतर्गत चाचण्यांचे आणि 35 गुण सत्रान्त परीक्षेचे. दोन्हीकडे वेगवेगळे 40 टक्के लागतात, म्हणजे 15 पैकी 6 आणि 35 पैकी 14. अंतर्गत गुण वर्गात नियमित बसणाऱ्याला सहज मिळतात, पण चाचणीच चुकवली तर सत्रान्त परीक्षेत 35 पैकी 30 मिळूनही विषय राहतो. हजेरी कमी भरली तर टर्म नाकारली जाऊ शकते. आजारपणाची कागदपत्रे त्या त्या वेळीच विभागात द्यावीत, मार्चमध्ये आठवण येऊन उपयोग नसतो.

राहिलेले विषय घेऊन वरच्या वर्गात जाण्याची सोय, म्हणजे एटीकेटी, आहे, पण तिला मर्यादा आहे. पहिल्या वर्षाचा विषय राहिलेला असताना तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. म्हणून एसवायच्या दोन सत्रांत एफवायचे बॅकलॉग आधी संपवावे. ज्याचा कॅल्क्युलस राहिला आहे त्याला अनेक चलांचे कॅल्क्युलस तसेही झेपणार नाही. निकालावर शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मगच पुनर्मूल्यांकनाला पैसे भरावेत. गणितात सिद्धतेची पायरी सुटली असेल तर ती छायाप्रतीत स्वतःलाच दिसते.

गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी श्रेणी येतात. ‘ओ’ला 10 अंक, ‘ए प्लस’ला 9, ‘ए’ला 8 असे उतरत पासला 4. प्रत्येक विषयाचे अंक त्याच्या क्रेडिटने गुणून सरासरी काढली जाते. गणिताच्या 4 क्रेडिटला 6 अंक आणि खुल्या विषयाच्या 2 क्रेडिटला 10 अंक मिळाले, तर 24 अधिक 20 भागिले 6, म्हणजे 7.33. आकडा चांगला दिसतो, पण पुढच्या प्रवेशाच्या वेळी मेजरच्या पेपरांतील गुण वेगळे पाहिले जाऊ शकतात.

चौथे वर्ष करायचे की तीन वर्षांवर पदवी घेऊन एम.एस्सी.ला जायचे, हा नव्या रचनेतला नवा प्रश्न आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यास एम.एस्सी. एका वर्षाची होते. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, आणि महाविद्यालयात मार्गदर्शनाला पात्र प्राध्यापकही हवेत. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के मिळाले तर थेट पीएच.डी. प्रवेशाची पात्रता येते. एकूण वर्षे दोन्हीकडे पाचच. म्हणून निकष एवढाच ठेवावा की चौथे वर्ष जिथे करायचे तिथला विभाग एम.एस्सी.च्या तोडीचा आहे का. नसेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन चांगल्या ठिकाणी दोन वर्षांची एम.एस्सी. करणे जास्त हिताचे.

अशा ठिकाणांचे दार म्हणजे आयआयटींची जॅम परीक्षा. गणिताचा पेपर तीन तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण, संगणकावर. अभ्यासक्रम बी.एस्सी.चाच आहे, पण वेळापत्रक जुळत नाही. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, तर रिअल ॲनालिसिस आणि ग्रुप थिअरी टीवायच्या वर्गात तेव्हा जेमतेम सुरू झालेले असते. म्हणून एसवायच्या उन्हाळी सुट्टीत हे दोन विषय स्वतः वाचून काढावे लागतात. त्याच काळात उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी नाशिकच्या वर्गांत फारशा सांगितल्या जात नाहीत. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या पुढाकाराने होणारी माधव गणित स्पर्धा ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते, आणि तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की आपण नेमके कुठे आहोत ते कळते. दुसरी गोष्ट, 1993 पासून चालणारी एमटीटीएसची उन्हाळी शिबिरे. तिथे प्राध्यापक व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न विचारत विद्यार्थ्यांकडून प्रमेय काढून घेतात.

शिक्षक व्हायचे असेल तर बी.एस्सी.नंतर दोन वर्षांचे बी.एड. लागते आणि त्याची सीईटी द्यावी लागते. नववी-दहावीला गणित शिकवायला ही दोन पुरतात, कनिष्ठ महाविद्यालयात मात्र गणितातील एम.एस्सी.ही हवी. विमा क्षेत्रात ॲक्च्युअरी होण्याची परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. तिची एसीईटी ही प्रवेश परीक्षा पदवीच्या काळातच देता येते. स्पर्धा परीक्षांना कोणतीही पदवी चालते. पण यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला गणित हा ऐच्छिक विषय असल्याने टीवायच्या वह्या जपून ठेवाव्यात.

सहाव्या सत्राचा निकाल लागला म्हणजे पदवी हातात आली असे होत नाही. सहा गुणपत्रिका तपासून नाव, पीआरएन आणि क्रेडिटची बेरीज जुळते का ते पाहावे लागते. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरावे लागते, आणि ते दीक्षान्त समारंभानंतर मिळते. तोपर्यंतच्या प्रवेशांना आणि नोकरीच्या अर्जांना तात्पुरते पदवी प्रमाणपत्र चालते. परराज्यात किंवा परदेशात जायचे असल्यास मायग्रेशन आणि ट्रान्सक्रिप्ट हे आणखी दोन अर्ज करावे लागतात. ट्रान्सक्रिप्टसोबत अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत बऱ्याचदा मागतात, आणि अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलत असल्याने आपल्या तुकडीचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी उतरवून घेऊन जपून ठेवावा.